"रोज 12 युनिट, 365 दिवस" म्हणे! ग्लोबल सोलर ॲटलास वर्षभर वापरून लिहितेय

आधीच सांगते, मी सोलरवाली नाही, इंजिनिअर नाही, कुणाची एजंट तर अजिबात नाही. साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवते आणि गेल्या वर्षी घराच्या गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं, एवढीच माझी पात्रता. हा रिव्ह्यू त्या पॅनलचा नाहीये. पॅनल बसवायच्या आधी आणि नंतरही मी जी एक फुकटची वेबसाइट रोज उघडून बसायचे तिचा आहे. ग्लोबल सोलर ॲटलास. वर्ल्ड बँकेने सोलरगिस नावाच्या कंपनीकडून करून घेतलीय, 2017 पासून सगळ्यांना खुली आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत, "तुमचा मोबाइल नंबर टाका आमचा माणूस फोन करेल" हा प्रकार नाही. नकाशावर कुठेही बोट ठेवा, तिथं वर्षाला ऊन किती आणि त्यातून वीज किती, ते सांगते.

तिथपर्यंत पोचले कशी ते ऐका. कोटेशन द्यायला तिघं जण आले होते. नावं नाही घेत कुणाची. त्यातला एक मुलगा फारच गोड बोलायचा, चहा घेतला, गच्चीवर गेला, फोनमधला कंपास फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, डोळे झाकून रोजचे 12 युनिट धरा, 365 दिवस." मी म्हटलं, अरे 365? जुलैत पण? तर म्हणतो, "मॅडम, सोलर उन्हावर नाही चालत, उजेडावर चालतं." आता साताऱ्यातल्या माणसाला जुलै शिकवायचा का? आठ-आठ दिवस यवतेश्वरचा डोंगर दिसत नाही, कपडे पंख्याखाली वाळवायचे, भिंतीला बुरशी, आणि हा म्हणतो 365 दिवस. माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत! त्या रात्री जेवणं झाल्यावर जर्मनीत हॅम्बुर्गला असलेल्या धाकट्या भावाला फोन लावला, तो म्हणाला ताई भांडत बसू नकोस, लिंक पाठवतो, स्वतःच बघ.

लिंक उघडली आणि पहिला अर्धा तास नुसती खेळतच बसले. नकाशाला रंग आहेत, निळ्या-हिरव्यापासून पिवळा, केशरी, लाल, गडद लाल. गडद म्हणजे ऊन जास्त. चिलीचं अटाकामा वाळवंट एवढं गडद की जळून गेल्यासारखं दिसतं, पृथ्वीवर सगळ्यात जास्त सौरऊर्जा मिळते ती तिथंच. नामिबिया, सौदी, इजिप्त लालच लाल. आपल्याकडे राजस्थान-कच्छ लाल असणार हे माहीत होतं, पण लडाखही तेवढंच लाल बघून मी दचकलेच. म्हणजे भूगोल शिकवणारी बाई दचकते म्हणजे बघा. पण नंतर विचार केला तर बरोबरच आहे, उंचावर हवा विरळ, पाऊस नाही, ढग कमी, आणि वर थंडी. पॅनलला ऊन हवं असतं पण गरमी नको असते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याच्यावर नंतर येते.

मग साताऱ्यावर बोट ठेवलं. 1 किलोवॅटला दिवसाला चार युनिटच्या थोडं वर, वर्षाची सरासरी. म्हणजे 3 किलोवॅटला 12-13. अरेच्चा, म्हणजे तो पोरगा खोटं बोलत नव्हता की!

इथंच या साइटची खरी किंमत कळते. कारण खाली महिन्या-महिन्याचा तक्ता उघडतो. बारा महिने आडवे, चोवीस तास उभे, एकेका चौकोनात त्या महिन्यात त्या तासाला सरासरी किती वीज. त्यात मार्च-एप्रिलचे खांब ताठ उभे, आणि जून आला की एकदम घसरगुंडी, जुलै-ऑगस्ट निम्म्यावर, मग सप्टेंबरपासून पुन्हा चढ. पोराची सरासरी बरोबर होती, "रोज" हा शब्द चुकीचा होता. आणि सगळी गोम त्या शब्दातच आहे, कारण वीजबिल सरासरीने येत नाही, महिन्याला येतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. बिचाऱ्याने ही साइट कधी बघितलीच नव्हती. शेवटी काम त्याला नाही दिलं, दुसऱ्याला दिलं, पण कारण हे नव्हतं, कारण पॅनलखालच्या स्ट्रक्चरची उंची होती. ते राहू दे.

आता जरा भूगोलाच्या बाईसारखं बोलते, कंटाळा आला तर पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडा. वर्षाचे तास 8,760. पृथ्वीवर कुठेही जा, अगदी ध्रुवावर जा, त्यातला साधारण निम्मा वेळ दिवस असतो, धरा 4,400 तास. हॅम्बुर्गला तेवढेच, साताऱ्याला तेवढेच. फक्त वाटणी वेगळी, आपल्याकडे रोज थोडं थोडं आणि तिकडे उन्हाळ्यात ढीगभर आणि हिवाळ्यात चिमूटभर. म्हणजे ग्रॉस पगार सगळ्यांचा सारखाच, इन हँड किती येतो ते ढगांवर. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या युमा गावाला 4,400 मधले 4,000 च्या आसपास तास लख्ख ऊन मिळतं, म्हणजे जवळपास काही कापून घेतच नाहीत. लंडनला सोळाशे-साडेसोळाशे. हॅम्बुर्ग तसंच. नॉर्वेतलं बर्गन, स्कॉटलंडमधलं ग्लासगो बाराशेच्या आसपास. फेरो बेटांवरचं टॉर्सहाव्हन तर साडेआठशेच्या घरात. आपली मुंबई साधारण 2,600. आणि आता गंमत, फ्रान्समधलं मार्से आणि पोर्तुगालचं लिस्बन दोघंही मुंबईच्या पुढे, 2,800 च्या आसपास. म्हणजे "युरोपात ऊन नसतं" हे जे आपण सरसकट फेकतो ते बंद करायला हवं. त्यांच्या दक्षिणेला उन्हाळा कोरडा असतो, आपल्याकडे ऐन उन्हाच्या दिवसांत पाऊस येऊन सगळं झाकून टाकतो. मुंबईला जुलै महिन्यात सगळं मिळून 70-75 तास ऊन, म्हणजे दिवसाला अडीच तास, आणि तेही लोकल पकडताना दिसेलच असं नाही.

हे तास मोजायचे कसे हा प्रश्न दरवर्षी वर्गातली मुलं विचारतात. पूर्वी काचेचा एक भरीव गोळा ठेवायचे, क्रिकेटच्या बॉलपेक्षा मोठा, मागे जाड कागदाची पट्टी. भिंगासारखं ऊन एका टिंबावर एकवटतं आणि पट्टी जळत जाते, सूर्य सरकेल तशी जळकी रेघ सरकते, ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी पट्टी काढायची आणि जळलेली लांबी मोजायची. कॅम्पबेल नावाच्या गृहस्थांनी 1853 मध्ये ही आयडिया काढली आणि स्टोक्स यांनी 1879 मध्ये सुधारली, म्हणून कॅम्पबेल-स्टोक्स. शाळेची सहल घेऊन पुण्याला हवामान खात्याच्या सिमला ऑफिसला गेलो होतो तेव्हा मुलं त्या गोळ्याभोवतीच घोटाळत होती, रडार-बिडार कुणी बघेना. आता सेन्सर आले, दर चौरस मीटरला 120 वॉटच्या वर थेट ऊन असेल तर "ऊन आहे", नाहीतर नाही, असा जागतिक हवामान संघटनेचा नियम आहे.

आणि इथेच माझी या साइटवरची पहिली तक्रार. हे तास ती दाखवतच नाही! दाखवते ते चौरस मीटरला किती युनिट ऊर्जा पडली ते. सोलरवाल्याला तेच लागतं हे मान्य, कारण तास आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डिसेंबरात हॅम्बुर्गला दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर असतो, तो एक तास आणि आपल्या एप्रिलमधला डोक्यावरचा एक तास एका मापाने कसे मोजणार. पण सामान्य माणसाला तास कळतात हो. "वर्षाला अमुक तास ऊन" म्हटलं की डोळ्यासमोर येतं, "जीएचआय" म्हटलं की काहीच येत नाही. जीएचआय, डीएनआय, डीआयएफ, जीटीआय अशी अक्षरं एकाखाली एक आहेत, पहिल्यांदा उघडणारा माणूस तिथंच गप्प बसतो. मी सांगते, नवीन असाल तर फक्त पीव्हीआउट नावाची ओळ बघा, 1 किलोवॅट पॅनलमधून किती युनिट, बस्स. बाकीचं हळूहळू.

तास आणि ऊर्जा यांचा घोळ समजून घ्यायचा असेल तर पेरूच्या लिमा शहरावर बोट ठेवून बघा. विषुववृत्तापासून फार लांब नाही, आजूबाजूला वाळवंट, पाऊस जवळपास शून्य, म्हणजे वाटेल की ऊनच ऊन. पण वर्षाला सुमारे बाराशे तास, ग्लासगोएवढेच! समुद्रातून थंड प्रवाह वाहतो, हम्बोल्टचा, त्याच्यावरची हवा गार होऊन शहरावर राखाडी ढगांची चादर महिनोन् महिने पसरून राहते, पाऊस पडत नाही, नुसता मळभ. असं कित्येक महिने आभाळ आलेलं आणि पाऊस नाही, आमच्या माणदेशातल्या माणसाला हा प्रकार किती चिडवेल कल्पना करा. आणि चीनमधलं चोंगचिंग तर आपल्या दिल्लीच्याच पट्ट्यात येतं, अक्षांश जवळपास तोच, पण चारही बाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट परात, दमट हवा अडकून बसते, त्यामुळे तिथं ऊन हॅम्बुर्गच्या रांगेत किंवा त्याहूनही खाली. चिनी भाषेत जुनी म्हणच आहे, तिकडची कुत्री सूर्य दिसला की भुंकतात. हे वाचून मी एकटीच हसत बसले होते, आमचे हे विचारतात काय झालं.

नकाशावर हे सगळं स्पष्ट दिसतं हे या साइटचं मला सगळ्यात आवडलेलं काम. उत्तरेला गेलं की ऊन कमी आणि विषुववृत्ताकडे आलं की जास्त, असं आपण पाठ करतो, आणि इथं कळतं की विषुववृत्तावर उलट ढगांची गर्दी आहे, खरा लाल पट्टा 20 ते 30 अंशांच्या आसपास आहे, जिथं हवा वरून खाली उतरते आणि ढग धरूच देत नाही. पुढच्या वर्षी आठवीला हा धडा मी या साइटवरच घेणार आहे, शाळेचा प्रोजेक्टर चालला तर.

असो, घरी येते.

माझं माहेर म्हसवडचं, सासर साताऱ्याचं, आणि मावशी चिपळूणला. एकाच रेषेवरची गावं म्हणा, समुद्राकडून आत. म्हणून मी तिन्हीवर बोट ठेवलं आणि मध्ये महाबळेश्वरही घेतलं. मला वाटलं होतं महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तिथं सोलरचं काय होणार, आणि म्हसवडला जेमतेम चारपाचशे, तिथं सोनंच पिकणार. तर वर्षाच्या आकड्यात फरक वाटला तेवढा नाही निघाला. कारण महाबळेश्वरला नोव्हेंबर ते मे आभाळ स्वच्छ आणि हवा गार, तेवढ्यात ते आपला कोटा बराचसा भरून काढतात. सगळा फरक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत आहे. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडं ऊन हाय ग, पर ते काय खायाचं?" म्हसवडला आयुष्य काढलेल्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगणं म्हणजे कोळ्याला समुद्र दाखवणं. पण मग त्यांनीच दोन दिवसांनी फोन केला, मोटारीला सोलर पंप बसवला तर किती चालेल ते तुझ्या त्या नकाशात बघ म्हणून.

आता साइट सांगते ते खरं ठरतं का? माझ्याकडे वर्षभराची वही आहे, रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा लिहायचा, घरात सगळे हसतात. 3 किलोवॅटचं वर्षाचं उत्पादन झालं 4,200 युनिटच्या आसपास, म्हणजे रोजची सरासरी साडेअकरा. ॲटलासच्या अंदाजापेक्षा दहाएक टक्के कमी. मार्चमध्ये रोज साडेचौदापर्यंत गेलं, जुलैत सातवर आलं, आणि एका धो धो पावसाच्या दिवशी दिवसभरात 2.4 युनिट. दोन पॉइंट चार! त्याच दिवशी संध्याकाळी भावाचा स्क्रीनशॉट आला, हॅम्बुर्गच्या बाल्कनीत कठड्याला टांगलेल्या त्याच्या दोन पॅनलनी 2.9 केले होते. दोन पॅनल! खाली लिहिलेलं, "ताई, उजेडावर चालतं ना?"

पण बघा, हेही नकाशात आधीच होतं, मीच लक्ष दिलं नव्हतं. जुलैचा चौकोन हॅम्बुर्गचा आणि आपला शेजारी ठेवले तर हॅम्बुर्ग जिंकतं. तिकडे तेव्हा पहाटे पाचला सूर्य वर आणि रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही. आणि डिसेंबरात तिकडे महिनाभरात 40 तासांच्या आसपास ऊन, भाऊ म्हणतो डिसेंबरचा आकडा विचारू नकोस, त्यापेक्षा माझा पगार विचार. डिसेंबरात आपण थंडीत गच्चीवर ऊन खात बसतो आणि पॅनल पण आपल्याबरोबर मजेत ऊन खात असतं. म्हणजे वर्षाचा हिशेब केला तर साताऱ्याचं एक पॅनल हॅम्बुर्गच्या दीडएक पॅनलचं काम करतं. दीड फक्त. मला वाटायचं तिप्पट-चौपट असेल. वर्ल्ड बँकेच्याच अहवालात आहे की देशांची सरासरी घेतली तर सगळ्यात वरचा नामिबिया आणि सगळ्यात खालचा आयर्लंड यांच्यात दुपटीहून जरासाच जास्त फरक पडतो. ऊन एवढंही विषम वाटलेलं नाही, पाण्यापेक्षा तरी बरंच समान वाटलंय.

आणि कमी ऊन असून भावाचं गणित जमतं कारण तिकडे विजेचं युनिट 35-40 सेंटला आहे, म्हणजे आपले 30 रुपयांच्या पुढे. 2024 पासून तिकडे 800 वॉटपर्यंत बाल्कनीतलं सोलर फार कटकट न करता लावता येतं, प्लग सॉकेटमध्ये खोचला की झालं. भाड्याच्या घरात राहतो तरी लावलंय. आपल्याकडे हे कधी येणार देव जाणे. जर्मनीने आणि भारताने सोलरचा 100 गिगावॅटचा टप्पा साधारण एकाच सुमारास गाठला, 2025 च्या सुरुवातीला. एवढं ऊन आपल्याकडे आणि एवढुसा देश तो. ॲटलासमध्ये ही गोष्ट दिसत नाही बरं का, नकाशा ऊन दाखवतो, विजेचा दर नाही दाखवत, तर नुसता लाल रंग बघून "इथं फायदा" असं समजू नका.

गरमीचं म्हणाले होते ते सांगते. मला खात्री होती की मे महिना सगळ्यात भारी जाणार. नाही गेला, मार्च पुढे होता. पॅनलवर जी क्षमता छापलेली असते ती 25 अंशाला मोजलेली असते, आणि गच्चीवर मे महिन्याच्या दुपारी पॅनल 60-65 अंशाला सहज जातं, हात लावून बघा, चटका बसतो. दर अंशाला 0.35-0.4 टक्के कमी होत जातं म्हणजे दुपारी 13-15 टक्के गेलेच. शिवाय धूळ, शिवाय वळवाचे ढग. ॲटलास तापमान धरूनच आकडा देतो, म्हणून त्याच्या तक्त्यात मे मार्चपेक्षा खाली दिसत होता, मीच म्हटलं होतं की यांचं काहीतरी चुकलंय. माफी मागते.

मग माझे दहा टक्के कुठे गेले? शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला की दुपारी तीननंतर तिची सावली दोन पॅनलवर येते. ॲटलासला डोंगर कळतात, क्षितिजाची रेघ काढून दाखवतो, सूर्य कुठल्या महिन्यात कुठून कुठे जातो तेही दाखवतो, आपल्या अजिंक्यताऱ्याची रेघ मी त्यात शोधत बसले होते. पण शेजाऱ्यांची टाकी त्याला कळत नाही, नारळ कळत नाही, समोर नवीन उठलेली पाच मजली कळत नाही. आणि धूळ. जानेवारीत आमच्याकडे शेजारी बांधकाम चालू होतं, महिनाभर पॅनल पुसलं नाही, पुसल्यावर दुसऱ्या दिवशी युनिट-दीड युनिट वाढलं. हा माझा आळस, साइटचा दोष नाही.

दोष आहे तो हा की ती बऱ्याच वर्षांची सरासरी सांगते. यंदाचा पावसाळा लांबला, ऑक्टोबरात पण पाऊस, तर तो त्यात नाही. सरासरी म्हणजे आमच्या वर्गाच्या निकालासारखी, एकाही मुलाला नेमके तेवढे मार्क नसतात. वर्षा-वर्षाचा चढउतार बघायचा असेल तर युरोपियन कमिशनची पीव्हीजीआयएस नावाची साइट आहे, तीही फुकट, भारत त्यातही आहे, तिच्यात नुकसान किती टक्के धरायचं ते आपल्याला टाकता येतं, आपोआप 14 येतं, मी टाकी आणि धूळ धरून 20 टाकलं तर माझ्या वहीच्या बऱ्याच जवळ आलं. पण ती दिसायला सरकारी फॉर्मसारखी आहे आणि तिच्यात रंगीत नकाशावर भटकायची मजा नाही. पहिल्यांदा ॲटलास, मग कोटेशन पक्कं करायच्या आधी पीव्हीजीआयएस, असं मी सगळ्यांना सांगते.

मोबाइलवर ॲटलास उघडू नका. उघडतो, पण नकाशा आणि तक्ता एका स्क्रीनवर मावत नाही, बोट लावायला जावं साताऱ्यावर आणि लागतं कोयनेच्या पाण्यात. लॅपटॉपवरच बघा. मराठी नाही. रिपोर्ट पीडीएफ करून घेता येतो, तो मात्र खरोखर कामाचा आहे, मी तीन प्रिंट काढल्या आणि तिघा कोटेशनवाल्यांना दिल्या, त्यानंतर बोलण्याची पद्धतच बदलली. एकाने तर विचारलं, "मॅडम तुम्ही महावितरणमध्ये आहात का?"

पावसाळ्यातली घट भरून कशी निघते ते विचारणाऱ्यांसाठी. नेट मीटर असतो, उन्हाळ्यात जास्तीची वीज महावितरणकडे आपल्या नावावर जमा होते आणि पावसाळ्यात ती वापरली जाते, आर्थिक वर्ष संपेपर्यंत हिशेब पुढे ढकलला जातो. म्हणजे आपल्या कुरडया-पापडासारखंच, एप्रिल-मेच्या उन्हात वाळवायचं आणि श्रावणात तळून खायचं. मला जुलै-ऑगस्टला बिल आलं नाही ते या बेगमीवर. पण ज्याने पावसाळ्याच्या तोंडाला, समजा जूनमध्ये, सिस्टीम चालू केली त्याच्याकडे बेगमीच नाही, त्याला पहिल्याच दोन महिन्यांत वाटणार की फसलो. शक्यतो दिवाळीनंतर बसवा, मार्चच्या आत चालू होऊ दे. अनुदान पीएम सूर्यघर योजनेतून मिळतं, 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60, आणि 3 किंवा त्याच्या वर कितीही असलं तरी 78 हजार, म्हणून सगळे 3 वर थांबतात, आम्हीही थांबलो.

स्टार द्यायचे तर पाचातले चार. एक कापला तो त्या जीएचआय-डीएनआयच्या अक्षरांसाठी आणि उन्हाचे तास न दाखवल्याबद्दल. फुकट आहे म्हणून कापू नये असं आमच्या ह्यांचं म्हणणं, पण फुकटचं म्हणून चांगलं म्हणायचं हे मला पटत नाही.

मधल्या सुट्टीत परवा मावशीचा फोन आला चिपळूणहून, तिलाही बसवायचंय. मी रात्री बोट ठेवलं, तिचा जुलै आमच्यापेक्षाही खाली, पण वर्षाचा आकडा बरा आहे, चारच्या आसपास, बसव म्हटलं. फक्त दक्षिणेला दोन नारळ आहेत, एक मामांनी लावलेला आणि एक आजीने. त्यातला आजीचा बरोबर पॅनलच्या आड येतो, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे ऐन कमाईच्या दिवसांत. मावशी म्हणते, "नारळ काय तोडू नको सांगते हां, पॅनल सरकवा." पॅनल सरकवायला जागा नाही. या रविवारी मी, आमचे हे आणि मिस्त्री असे तिघं चिपळूणला जाणार आहोत, फोनमध्ये कंपास घेऊन.